फाटकावरचं गणित

तिगावच्या तुळशीराम गुरुजींच्या बागेतून रोज थोडी थोडी संत्री गायब होत होती. व्यापारी बाग बघून जाईपर्यंत घरच्यांनीही फळाला हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर त्यांचा संशय होता. शेजारच्या शेळीकडेसुद्धा ते डोळे बारीक करून बघत.

शेवटी त्यांनी फाटकाला आकड्यांचं कुलूप लावलं. आकडा कोणालाच सांगितला नाही. पण स्वतःच्या आठवणीवरही त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून फाटकावर चुन्याने गणित लिहून ठेवलं: ५ + २ × १०². गुरुजी मूळचे कवायतीचे. गणिताची जागा रिकामी होती म्हणून तेही आयुष्यभर त्यांनीच शिकवलं. चोराला घातांक येणार नाहीत, याची त्यांना खात्री होती.

दुसऱ्या दिवशी कुलूप शाबूत, संत्री मात्र गेलेली. गुरुजींनी थेट सुनेला बोलावलं. घरात गणित घेऊन बी.एस्सी. झालेली सुचिता एकटीच.

“खरं सांग सुनबाई. माहेरी संत्री धाडून राहिली काय?”

सुचिताचे डोळे भरून आले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि कपाळी चोरीचा डाग! “मामाजी, मी त्या कुलपाले हातबी नाही लावला.”

“चाल, उघडून दाखव. तुले येते का नाही, पाहतोच.”

सासूबाई, शकुबाई, मागोमाग निघाल्या. फाटकाशी सुचिताने २०५ लावलं. कुलूप ढिम्म.

“बाजूले हो,” म्हणत गुरुजींनी ४०५ लावलं. कुलूप खट्कन उघडलं.

सुचिताने डोळे पुसले. “पहिले घात सोडवा लागते, मामाजी. दहाचा वर्ग शंभर, दोननं गुणलं का दोनशे, अन् वरचे पाच.”

“मले गणित शिकवून राहिली?”

“नाही जी. पण मंग चोर तोच, ज्याले तुमी शिकवलं.”

गुरुजींच्या डोळ्यांसमोरून सरपंचापासून सगळं तिगाव सरकलं. आता कोणाकोणावर नजर ठेवायची? इकडे शकुबाईंना मात्र नवऱ्याचा अपमान सहन झाला नाही.

“काय चुकलं वं त्यायचं?” त्या सुनेवर कडाडल्या. “दोन दाहे वीस, विसाचा वर्ग चारशे, अन् पाच! लग्न झाल्यावर त्यायनंच शिकवलं मले. काल तर पह्यल्याच खेपेत उघडलं कुलूप...”

आणि त्यांनी झटकन पदर तोंडाला लावला.

गुरुजी बायकोकडे बघतच राहिले. रागवावं, तर इतकी मन लावून शिकलेली विद्यार्थिनी त्यांना दुसरी मिळाली नव्हती. मग ते खाली मान घालून सुनेजवळ गेले.

“चुकलं माह्यं, सुनबाई. फाटकावर दुसरं गणित लिव, अन् उत्तर तुह्या पद्धतीनं ठेव,” ते हळूच म्हणाले. “हिले आयुष्यात येणार नाही.”