परत पेटणारं इंजिन

आमच्या शेजारचे वर्तककाका चालू पंखा बंद करतात. ऐन मे महिन्यात, पनवेलच्या घामट दुपारी, तुमच्या घरी येऊन, तुमचाच पंखा! का? तर तो परत सुरू होतो का, हे बघायला.

"चालणाऱ्या मशीनचं कौतुक मला सांगू नका," ते म्हणतात. "थांबून परत सुरू होतं का, ते बोला!"

काका उरणच्या कारखान्यात पंप सांभाळायचे. तिथून रिटायर झाले आणि थेट अंतराळात गेले. लांबच्या ग्रहावर माणूस न्यायचा तर अणुइंजिनच हवं, हे त्यांनी अख्ख्या सोसायटीला पटवलंय. अणुभट्टीत हायड्रोजन तापवायचा, तो मागून सुसाट सुटतो आणि यान पुढे! हे सांगताना काकाच पुढे सरकत येतात आणि ऐकणारा भिंतीला टेकतो. "पण वर्षानुवर्षं बंद ठेवलेलं इंजिन परतताना पेटलंच नाही तर? वाटेत गॅरेज आहे?"

निघताना कोणी "येतो" म्हणालं, की सगळं जग "या" म्हणतं. काका मात्र विचारतात, "कशावरून?"

एकदा त्यांनी सोसायटीचा पाण्याचा पंप असाच तपासला. बंद झाला तो झालाच. नेऱ्याहून येणाऱ्या आमच्या वॉचमनने कपाळाला हात लावला. "काका, आता पानी नाय कुनाला!"

काका मात्र खूश. "बघा! हेच गुरू ग्रहाजवळ झालं असतं तर?"

"गुरूजवळ कुणाचं धुणं भिजत पडलेलं नसतं," काकू दारातून म्हणाल्या.

२०१४ मध्ये आपलं यान मंगळापाशी पोचलं. त्याचं महिनोन्महिने झोपलेलं इंजिन पेटलं आणि काकांनी जिन्यात अक्षरशः उड्या मारल्या, पेढे वाटले. इंजिन साधंच होतं, अणूचं नव्हे, तरी!

त्याच वर्षी दिवाळीनंतर काकूंची बायपास ठरली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनपुरतं हृदय थांबवायचं, मग परत सुरू करायचं.

काका पांढरेफटक पडले. "परत सुरू होईल कशावरून?"

"अहो, मी काय सोसायटीचा पंप आहे?" काकू हसल्या. काका हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी एकाही पंख्याला हात लावला नाही, आणि खरं सांगतो, मला धडकीच भरली.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर दारापाशी आलं. काकू म्हणाल्या, "येते हं."

आता "कशावरून" येणार म्हणून मी श्वास रोखला. पण काकांनी नुसती काकूंच्या अंगावरची चादर सारखी केली. दार बंद झालं, तरी ते तिथेच उभे. बाकावर बसा म्हटलं, तर ऐकूच गेलं नाही.

अखेर डॉक्टर बाहेर आले. "सुरू झालं. छान चाललंय."

मला उडी मारावीशी वाटली. मी काकांचा हात धरून गदागदा हलवला. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या बंद दाराकडे बघत ते हळूच म्हणाले, "ये."