निसारभाईंचं बेट आणि आमचा नळ

औसा ते लातूर एस.टी.च्या प्रवासात नारिंगी लाइफ जॅकेट घालून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या सीटवर होता. मे महिना होता. खिडकीबाहेर नदी नाही, नाला नाही, नुसती तापलेली ढेकळं. कंडक्टरनं एकदा जॅकेटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोघांच्या तिकिटाचं मलाच विचारलं. या माणसाशी थेट बोलायला नको, असं त्याला वाटलं असावं.

"सवय करून राहिलो साहेब," निसारभाई म्हणाले. "जहाजावर तीन दिवस हे अंगात ऱ्हानार. आत्ताच उकडून घ्यावं, मग उकडत न्हाई."

निसारभाई आमचे औशातले शेजारी. आमची आणि त्यांची भिंत एकच. तीन पिढ्यांचा गाद्या-रजया भरण्याचा धंदा. अंगकाठी बारीक, दाढी पांढरी, आणि भुवईत कापसाचा एक तरी पुंजका कायम अडकलेला. लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळून होती, तिचं करता करता साठी आली. आईला सोडून हा माणूस कधी उदगीरलासुद्धा मुक्कामाला राहिला नव्हता. आई गेली, चाळिसावा झाला, आणि पुढच्याच आठवड्यात कुणीतरी त्यांच्या मोबाइलवर तीन मिनिटांचा एक व्हिडिओ पाठवला.

लिटल अंदमानचा व्हिडिओ होता तो. अंदमानला हल्ली कुणीही जातं, पण हे बेट त्याच्याही खाली. पोर्ट ब्लेअरहून पुढं पुन्हा बोटीनं सात-आठ तास. घनदाट जंगल, धबधबे, फळीवर उभी राहून लाटांवरून येणारी माणसं आणि लांबच लांब रिकामा किनारा. निसारभाईंनी तो इतक्या वेळा पाहिला की त्यातला लाटांचा आवाज भिंतीपलीकडून मलाही पाठ झाला.

"सगळी जिंदगी कापसात गेली साहेब. नाकात कापूस, डाळीत कापूस. आता दर्या पायजे."

तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलं. शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहा ठेवला की म्हणायचे, "भाभी, दूध नका घालू. बेटावर कोण देतंय?" लग्नात पंगतीला जिलबी आली, की ताटावर हात आडवा धरून, "बेटावर कोण देतंय?" डॉक्टरनं गुडघ्यासाठी इंजेक्शन सुचवलं, तेव्हाही हेच. डॉक्टर गावात नवीन होता. त्यानं केसपेपरवर आणखी काहीतरी लिहून घेतलं.

जहाज लागू नये म्हणून त्यांनी दुकानात वरच्या अँगलला दोर बांधून झोपाळा केला आणि त्यावर हेलकावे घेत रजईला टाके घालू लागले. टाके वाकडे पडायला लागले. एका गिऱ्हाइकानं तक्रार केली, तर शांतपणे म्हणाले, "लाट आली होती."

पोहायला शिकायचं तर लातूरच्या पुढं रेणापूरकडे त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची विहीर होती. त्या विहिरीत पाणी कमरेइतकं. निसारभाई आत उभे राहून जोरजोरात हात मारायचे आणि मी काठावरून आकडे मोजायचो. दोन महिन्यांत त्यांना उभ्यानं उत्तम पोहता येऊ लागलं.

मी काठावर काय करत होतो, असा प्रश्न कुणालाही पडेल. मी त्यांच्याबरोबर जाणार होतो. म्हणजे तसं मी म्हटलं होतं. मी पंचायत समितीतून रिटायर झालो त्याच महिन्यात ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "एकट्यानं जाऊन काय करू साहेब? लाट आली तर 'ते बघा' कुणाला म्हनू?"

मी हो म्हणून टाकलं. तीस वर्षं कचेरीत मी असाच हो म्हणत आलो. हो म्हटलं की समोरचा माणूस समाधानानं घरी जातो आणि पुढं सगळं विसरतो, हा माझा अनुभव. निसारभाई विसरले नाहीत. त्यांनी दोघांची तिकिटं काढली. लातूरहून हैदराबाद, तिथून चेन्नई, तिथून जहाज.

आता आमच्या नळाबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि नळाच्या दिवशी कुणी गाव सोडत नाही. सुपारी फोडायची तारीखसुद्धा नळाचा अंदाज घेऊन ठरते. कुणाला जाणं भागच असेल, तर त्यानं घराची किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची. शेजारी आपलं पाणी भरतो आणि मग त्याचंही भरतो. एवढ्या एका बाबतीत आमच्या गल्लीत कधी भांडण झालेलं नाही.

आम्ही गुरुवारी निघणार होतो, आणि चार दिवस आधी कळलं की नळ नेमका गुरुवारीच आहे. मला त्या वेळी जे वाटलं ते लाज वाटत असली तरी लिहितो. मला हायसं वाटलं. समुद्राच्या नुसत्या विचारानं महिनाभर मला जेवण गोड लागत नव्हतं. निसारभाईंसमोर ते कबूल करण्याची हिंमत नव्हती, आणि आता त्याची गरजच उरली नाही.

मी दुकानात गेलो. निसारभाई झोपाळ्यावर होते.

"निसारभाई, गुरुवारी नळ आहे. शोभाच्यानं एकटीनं होणार नाही. तुम्ही व्हा पुढं. मी पुढच्या खेपेला येतो."

त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. सुई गादीत खोचून ठेवली. "हाव साहेब," ते म्हणाले. "पानी महत्त्वाचं हाय." मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "माझंबी भरून ठेवा मग."

शोभाला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझं नाव कशाला घेतलंत? इतकी वर्षं मीच भरते आहे. तुम्हाला मोटारीचं बटण तरी माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी निसारभाई जॅकेट घालून एकटेच रिक्षात बसले. वळणावर रिक्षा जराशी थांबली. त्यांनी मागं वळून पाहिलं, मी हातातली कळशी हलवली.

त्या गुरुवारी नळ आला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. तो आला रविवारी दुपारी, चाळीस मिनिटांसाठी. तोवर निसारभाई समुद्रावर होते.

मी त्यांचं घर उघडलं, पाइप पिंपात सोडला आणि बाजूच्या खाटेकडे लक्ष गेलं. तिथं सुतळीनं बांधलेली एक पातळ गादी होती. वर रेनकोटच्या कापडाची खोळ, आणि कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेलं, नुकतीच अक्षरओळख झालेल्या पोरानं लिहावं तसं वाकडं नाव, 'साहेब'. मी गादी सोडून पाहिली. जहाजावरच्या अरुंद बाकड्याच्या मापाची होती. कमरेच्या जागी कापसाचा जास्तीचा थर होता. माझी कंबर दुखते हे मी त्यांना एकदाच बोललो होतो, विहिरीवर जाताना त्या लातूरच्या बसमध्ये. गादीवरचे टाके मात्र अगदी सरळ होते. ही त्यांनी झोपाळ्यावरून उतरून शिवली होती.

पिंप भरून पाणी अंगणात वाहायला लागलं. आमच्या गल्लीत याला माफी नाही. तरी मला हलावंसं वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी निसारभाई काळेकुट्ट होऊन परत आले. मोबाइलमधले फोटो दाखवायला आधी आमच्याकडेच आले. प्रत्येक फोटोत ते एका कडेला उभे होते. धबधबा असो, जंगल असो, किनारा असो, ते आपले कडेला आणि बाजूची अर्धी जागा मोकळी.

"फोटो काढणाऱ्याला मधोमध घेणं जमत नव्हतं का?" शोभानं विचारलं.

"मीच सांगितलं भाभी. ही जागा साहेबांची. पुढच्या खेपेला येनार हायत ना."

मी विषय बदलायला विचारलं, लाट कशी होती.

"लई मोठी आली साहेब. मी एकदम 'ते बघा' म्हनलो. बाजूला एक तमिळ बाई होती, तिला वाटलं मी तिलाच म्हनलो. तिनं बघितलं." मग म्हणाले, "चांगली होती बाई."

पुढची खेप मी दोन वर्षं पुढं ढकलली. एकदा मुलाचं काम निघालं, एकदा माझा रक्तदाब. गेल्या पावसाळ्यात लकव्यानं निसारभाईंचा डावा हात आणि पाय गेला. हिमायतनगरचा पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी जॅकेट बरोबर नेलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली.

त्या घरात आता कुणी राहत नाही. तरी नळ आला की मी आधी त्यांच्याकडे जातो, पिंपातलं शिळं पाणी बाहेरच्या लिंबाच्या झाडाला घालतो आणि ताजं भरून ठेवतो. मोटारीचं बटण मला आता माहीत झालं आहे. भरेपर्यंत त्या पातळ गादीवर बसतो. कमरेला खरोखर आराम पडतो.

मग हिमायतनगरला फोन लावतो. त्यांची जीभ थोडी जड झाली आहे, पण कळतं.

"भरलं का साहेब माझं?"

"भरलं. काठोकाठ."

"आनि तुमचं?"

"आमचंही भरलं."

परवा एवढं झाल्यावर मी फोन ठेवायला निघालो. तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"मग आता नळाची काही अडचन न्हाई ना साहेब? निघायचं का?"

"नाही," मी म्हणालो. "काही अडचण नाही."

ती कधीच नव्हती, हे मात्र मला त्यांना अजून सांगता आलेलं नाही.