लम्दुआनमावशींचे अंधुक पत्ते

"लांपांग शहरात कुठंही काळंबेरं घडलं, की ते आधी माझ्या उजव्या भुवईला कळतं आणि मग पोलिसांना," असं वोरावुत भेटेल त्याला सांगत असे. त्याच्या मते असा गुप्तहेर उत्तर थायलंडात दुसरा झाला नाही. त्याच्या बायकोचं, म्हणजे चिंतनाचं, मत असं, की ज्याला घरातलं नेलकटर सापडत नाही त्यानं आपलं झेरॉक्सचं दुकान सांभाळावं. पण मदतनीस म्हणून तिलाच जावं लागे, कारण स्कूटर तिला चालवता येत होती.

लम्दुआनमावशींचं प्रकरण मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. मावशी टॅरोचे पत्ते मांडून भविष्य सांगत. गिऱ्हाइकं आता दूरदूरची, म्हणून दांडीला उलटा टांगलेला नवा कॅमेरा, खाली टेबलावर पत्ते, आणि ते चित्र कॉम्प्युटरवरून पलीकडं दिसायचं. तीस वर्षं मावशींचा एकच नेम: आधी पत्ता दाखवायचा, मग तोंड उघडायचं. आणि कॅमेरा आल्यापासून पत्तेच अंधुक! राजा कोण, राणी कोण, काही कळेना. सावनी नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा कोरियात कामाला. सोंगक्रानच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला तो घरी येईल का, एवढाच तिचा प्रश्न. मावशी म्हणाल्या, येणार नाही. सावनी म्हणाली, पत्ता दिसत नाही म्हणून तू मनाचं सांगतेस. उद्या माझ्या डोळ्यांना दाखव, नाहीतर तुझा माझा संबंध संपला.

"मला खोटी म्हणाली गं," मावशी चिंतनाला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. सावनीचा तो पत्ता त्यांनी टेबलावरून उचललासुद्धा नव्हता.

वोरावुतनं भुवई चढवली. पहिला संशय मागल्या गल्लीतल्या नोप्पोर्न ज्योतिष्यावर. व्हायरस त्यानंच सोडला असणार! जाऊन बघतात तर तो बापडा हात बघून भविष्य सांगत होता, आणि त्याच्याकडे कॉम्प्युटर सोडा, पंखासुद्धा धड नव्हता. मग दोष सॉफ्टवेअरवर आला. ते तीनदा काढून तीनदा घातलं. चित्र होतं तसंच राहिलं, फक्त बटणांवर चिनी अक्षरं आली. एकदा कॅमेराच बघू या का, असं म्हणून चिंतनानं हात पुढं केला, तो मावशींनी वरच्यावर धरला. कॅमेरा विहारात नेऊन भंतेजींकडून मंतरून आणला होता. त्याला कुणी शिवायचं नाही. गुप्तहेरानं आशीर्वादावर संशय घ्यायचा नसतो, असं वोरावुतनंही बायकोला समजावलं. ती गप्प बसली. अकरा वर्षांच्या संसारात तिनं ही विद्या चांगली कमावली होती.

शेवटी वोरावुतनं निकाल दिला: भूत.

"पुरावा?" चिंतनानं विचारलं.

"पुरावा सापडला तर ते भूत कसलं?"

भूत म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी भंतेजींना बोलावणं आलंच. म्हातारे भंतेजी टेबलाशी बसले, कॉम्प्युटरकडे बघितलं, मग मान वाकडी करून टांगलेल्या कॅमेऱ्याकडे खालून बराच वेळ बघत राहिले.

"हा आशीर्वादाचा पांढरा लेप मीच लावलाय," ते म्हणाले. "त्या दिवशी चष्मा विसरलो होतो. कॅमेऱ्याचं कपाळ समजून त्याच्या काचेच्या डोळ्यालाच फासला."

मावशींनी हात जोडले. पुसू नका, आशीर्वाद जाईल, म्हणाल्या.

"आशीर्वाद कधीच आत गेला, बाई. वर राहिलीय ती नुसती पांढरी माती." आणि त्यांनी चीवराच्या टोकानं काच पुसली.

चित्र लख्ख झालं. टेबलावरचा मिरचीच्या चटणीचा डागही दिसायला लागला. आपण भूत शोधलं म्हणून भंतेजी आले, म्हणजे छडा आपणच लावला, असं वोरावुतनं जाहीर केलं. भंतेजींनीही मान डोलावली. त्यांना घरी जायचं होतं.

ठरल्या वेळी सावनीचा व्हिडिओ कॉल आला. मावशींनी कॅमेऱ्याखालच्या पत्त्यावर बोट ठेवलं. मागं सोडलेले आठ पेले, आणि काठी टेकत डोंगराकडं निघालेला माणूस.

"दिसलं," सावनी म्हणाली. "पाठमोरा आहे." मग म्हणाली, "तू खरं बोलत होतीस, ताई. पण अंधुक होतं तेच बरं होतं गं."

मावशींच्या डोळ्यांना पाणी आलं. वोरावुतची भुवई वर गेली. त्या मुलाबद्दलही त्याचा काहीतरी तर्क होता. चिंतनानं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.