घट्ट बसलेलं झाकण

मंडळी, मोटरसायकलच्या टाकीचं गळकं झाकण दुरुस्त करायला मेकॅनिक लागत नाही, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो! लागते फक्त कात्री, चिमूटभर लुकण आणि घरात कुणाचं लक्ष नाही अशी एक दुपार.

गळती तशी जुनीच. झाकणाच्या आतला रबरी वायसर वाळून भेगाळला होता. ब्रेक दाबला की पेट्रोल उसळून थेट माझ्या पँटवर! ऑफिसात मी शिरलो की हेडक्लार्क हातातली सिगारेट विझवायचे. दुकानातून नवा वायसर आणला, तर थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर लोंबावा तसा तो झाकणात लोंबायला लागला.

"अण्णांना विचारा की," बायको म्हणाली. "चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय त्यांनी."

तेच तर नको होतं! अण्णा म्हणजे माझे वडील. माझ्याबद्दल त्यांचं मत एकच: "याच्या हातात पाना दिला की नट रडायला लागतो." आणि अण्णा दुसऱ्या दिवशी अकराच्या बसनं ताईकडे निघाले होते. कायमचे. गेल्या थंडीत आई गेली, तेव्हापासून त्यांचे हात थरथरायचे. बोलणंही आटलं होतं; भर पावसाळ्यात विहीर आटावी तसं. ताई फोनवर म्हणाली, "माझ्याकडे या," आणि त्यांनी बॅग भरली. आमच्या घरात त्यांना कुणी जा म्हटलं नाही. पण राहा असंही कुणी म्हटलं नाही. मला म्हणायचं होतं हो! शब्द घशापर्यंत यायचा आणि उंबऱ्याला ठेच लागल्यासारखा माघारी फिरायचा.

म्हटलं, निदान लेकाचं एक काम धड झालेलं बघून जाऊ देत. कुणी सांगावं, बघून थांबतीलही!

माळ्यावर शेकायची एक रबरी पिशवी सापडली. लाल, जाड, मऊ. कचाकच कात्री चालवली आणि असा वायसर कापला की झाकण फिरवताना मला दात-ओठ खावे लागले. मग झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक दिसलं. "इथूनही गळतंय होय रे, लबाडा!" म्हणत तेही खिडकीच्या काचा बसवायच्या लुकणानं बुजवून टाकलं. टाकी काठोकाठ भरून आणली, गाडी गदागदा हलवली. एक थेंब नाही!

सकाळी अण्णा मागे बसले. मांडीवर बॅग, बॅगेवर हात.

"अण्णा, काही वास येतोय का?"

"कसला?"

"पेट्रोलचा हो!"

"नाही."

मी असा फुगलो की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं! पण दुसरा किलोमीटर संपतोय तोच गाडी खोकली, ठसकली आणि ओढ्यावरच्या पुलापाशी, रस्त्याच्या कडेला गप्प झाली. मी चाळीस किका मारल्या. प्लग काढून पुसला. अण्णा पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

एक सायकलवाला थांबला. "पेट्रोल आहे ना?"

"कालच काठोकाठ भरलंय!"

"तुम्ही म्हणता म्हणून आहे. उघडून तर बघा!"

उघडायला गेलो, तर झाकण हलेना! मी झाकणाला धरलं, सायकलवाल्यानं माझ्या कमरेला धरलं. पुलावरून जाणारे लोक थांबून बघायला लागले.

"सरक," अण्णा उठले.

त्यांनी चप्पल काढली आणि झाकणाच्या कडेनं गोल गोल ठोकत गेले, हलकेच, झोपलेल्याला उठवावं तसं. मग हात ठेवला. खरं सांगतो, झाकणावर ठेवल्या ठेवल्या तो हात थरथरायचा थांबला! एक हिसका, आणि टाकीतून "हुश्श!" असा आवाज आला.

"श्वासाचं भोक बुजवलंस," अण्णा म्हणाले. "पेट्रोल खाली जायचं तर वरून वारा आत यायला नको? गुदमरली बिचारी."

मग त्यांनी बोटानं वायसर उचकटला. पेट्रोल पिऊन तो बेडकासारखा फुगला होता. त्यावर बारीक उंचवटे होते, पिशवीवर असतात तसे. अण्णा त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"हे कुठून काढलंस?"

"माळ्यावरून."

मला आता कुठे उमगलं. शेवटच्या दिवसांत आईचे पाय गार पडायचे. रोज अण्णा ती पिशवी गरम पाण्यानं भरायचे, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे. आणि मी ती कात्रीनं कापली होती!

"हे रबर पेट्रोलला चालत नाही," अण्णा इतकंच म्हणाले. फुगलेलं ते वर्तुळ त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. "दुकानातून आणलेला कुठाय?"

मी सीटखालून काढून दिला. त्यांनी तो पालथा केला, झाकणात दाबला. चपखल!

"उलटा घातला होतास."

सायकलवाला हसत हसत निघून गेला. अण्णांनी बॅगेला लावलेली पिन काढून लुकण टोकरलं, भोक मोकळं केलं. "मार किक."

पहिल्या किकेला गाडी अशी गुणगुणायला लागली की जणू चाळीस वर्षं मागे गेली. अण्णा मागे बसले, गाडीनं वेग घेतला आणि मी वाऱ्यात ओरडलो, "अण्णा!"

"काय?"

"काही नाही. नीट धरून बसा!"

पुढचे सात किलोमीटर मी एकच जप करत होतो: बंद पड बाई, अजून एकदा बंद पड, बस चुकू दे! चढ आला, खड्डे आले. पण अण्णांच्या हातची दुरुस्ती, ती कसली बंद पडतेय! स्टँडवर पोचलो, तेव्हा बस सुटायला चांगली बारा मिनिटं होती.