काटेसाहेबांची रिकामी बॅग

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक, आणि घरी मीठसुद्धा चिमटीने न टाकता तोलून टाकावं अशा मताचे, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. (खरं आडनाव आता पोस्टमनलाही आठवत नाही.) तर अशा माणसाच्या मनात प्रवासाच्या आदल्या दिवशी सहज आलं, की नवी बॅग भरण्याआधी एकदा रिकामी तोलून बघावी.

प्रवास साधासुधा नव्हता. लेक परदेशात, तिचे दिवस भरत आलेले, आणि नवराबायको दोघंही जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार. नव्या बॅगेला रबराचा इतका उग्र वास होता, की बायकोने ती दोन दिवस परसात गवतावर आडवी टाकून, सगळ्या चेन उघडून वाऱ्यावर ठेवली होती. साहेबांनी ती आत आणली, चेन लावल्या आणि काट्याला अडकवली. लेबलावर तीन किलो लिहिलेलं. काटा साडेचार म्हणत होता.

"दीड किलोची लबाडी," साहेब म्हणाले. रजेवर असूनही काम मिळाल्याने त्यांचा चेहरा उजळला होता.

"अहो, खिशात काहीतरी असेल."

"दुकानदाराने फुगवटा राहावा म्हणून कोंबलेले कागद आहेत. कागद दीड किलो भरतात का?"

"उघडून तरी बघा."

"अगं, काटा समोर असताना खिसे कशाला चाचपायचे?"

झालं. बॅग भरली, तर विमानाच्या मर्यादेपेक्षा बरोबर दीड किलो जास्त. आता काढायचं काय? बायको म्हणाली, तुमचे दुसरे बूट काढा. साहेब म्हणाले, परदेशात बुटांवरून माणूस ओळखतात. ("म्हणूनच म्हणतेय," बायको पुटपुटली.) मग तिने नातवंडासाठी शिवलेली रजई बाहेर काढली आणि पलंगावर ठेवली. महिनोन्महिने डोळे ताणून हाताने घातलेले टाके होते ते. ती भांडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती नुसती रजईच्या घड्या नीट करत बसली. पण बूट काढावेत असं काही त्यांना सुचलं नाही. त्यांना सुचलं ते एवढंच, की दुकानदाराला धडा शिकवून हलकी बॅग बदलून आणावी आणि रजई मानाने न्यावी.

बॅग पुन्हा रिकामी करून दोघं दुकानात गेली. बायको गेली ती साहेबांना आवरायला.

"साहेब, बॅग तीन किलोचीच आहे. तुमचाच काटा चुकत असेल," दुकानदार म्हणाला.

"माझा? मग तुझ्या काट्यावर ठेव."

ठेवली. साडेचार. दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं. आपलाच काटा बिघडलाय म्हणून सुटावं, असं त्याच्या मनात आलं. पण काट्यावरचा तपासणीचा शिक्का खुद्द काटेसाहेबांनी मागच्याच महिन्यात मारलेला, तेव्हा तेही बोलायची सोय नाही. तेवढ्यात बॅगेतून खरखर ऐकू आली.

"चाकं वाजतायत का?" दुकानदाराने विचारलं.

"म्हणजे चाकंही खराब," साहेब समाधानाने म्हणाले.

"चाकं हवेत आहेत," बायको म्हणाली. "बॅग आडवी ठेवलीय."

तिघांनीही बॅगेकडे पाहिलं. खरखर पुन्हा झाली, आणि पुढचा खिसा आपणहून हलला. दुकानदार दोन पावलं मागे सरला. साहेबही सरले असते, पण मागे दुकानदार होता. शेवटी बायकोनेच चेन उघडली, चुरगळलेले कागद एकेक करून बाहेर काढले आणि आत हात घालून एक कासव काउंटरवर ठेवलं.

कासवाने मान बाहेर काढली, छत्र्यांच्या रांगेकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. पाठीवर पिवळ्या रेघा होत्या, एकसारख्या, जणू कोणी फूटपट्टी लावून ओढलेल्या. इतकी वर्षं त्याच परसात दाढी करताना साहेबांना हा शेजारी कधी दिसला नव्हता. ते खाली वाकून बघतच राहिले. हे खातं काय, झोपतं कुठे, रबराचा वास याला कसा सोसला, असे प्रश्न ते त्यालाच विचारू लागले. दुकानदाराने मात्र संधी साधली. कासव उचलून हळूच काट्यावर ठेवलं.

दीड किलो.

"साहेब, आता माझ्यावर खटला का कासवावर?"

साहेब काट्याकडे बघत राहिले. काटा बरोबर होता, शिक्का बरोबर होता, बेरीजही चोख. चूक कुठे होती ते तिघांनाही दिसत होतं, आणि चौथ्याने तर मान आत घेतली होती.

नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला. "आई, झाली का तयारी?"

"झाली. रजई येतेय," बायको म्हणाली. "तुझे बाबा मात्र बॅगेत कासव भरून आणत होते."

"कासव? मग आता?"

"आता ते परसात परत सोडायचं आणि यांना घेऊन यायचं." तिने साहेबांकडे एकदा नीट पाहून घेतलं. "खरं सांगू का, आणण्यासारखं तेच होतं. वजनाला हलकं, आणि चुकल्यावर तोंड आत घेतं."