मधुकररावांचा जोडतारा

अल्लीपूरच्या मधुकररावांनी निवृत्त झाल्यावर एकच ठरवलं: आता दुसऱ्याची दुर्बीण पुसायची नाही. (कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तेहतीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं.) मोटर लावलेली स्वतःची दुर्बीण आली, छतावर बसली, तिला कॅमेरा जोडला. कॅमेरा दर मिनिटाला खाली क्षितिजाजवळच्या एका ताऱ्याचा फोटो काढायचा आणि मधुकरराव खाली कूलरसमोर घोरायचे. ऐन मे महिन्यात याहून जास्त विज्ञानसेवा कोणाला झेपणार?

बाराव्या दिवशी त्यांनी फोटोंवरून आलेख काढला आणि खुर्चीतून उठलेच. पहाटे चारच्या सुमारास ताऱ्याचा उजेड एकदा खूप घसरत होता, मग एकदा थोडासा. पुन्हा खूप, पुन्हा थोडासा. मधल्या वेळात तो हलकेच वाढत होता, ओसरत होता. आणि हे सगळं बरोबर तीन-तीन दिवसांनी!

"सुमित्रा, हा एक तारा नाई, दोन हायेत! एकमेकाभोवती फिरून राह्यले. मोठा आडवा आला का जास्त अंधार, लहान आला का कमी. अन् त्यातला एक तं फुगते अन् आकसते!"

"बरं," सुमित्राबाई म्हणाल्या. "चहा घेता काय?"

मधुकररावांनी चहा घेतला नाही, फोन घेतला. वर्ध्याच्या खगोल मंडळाचे सर रविवारी पहाटे स्वतः बघायला येतो म्हणाले. तेहतीस वर्षांत कुठल्याही सरांनी त्यांना 'येतो' म्हटलं नव्हतं. 'इकडे ये' म्हटलं होतं. मधुकररावांचे डोळे भरून आले. शर्टाला इस्त्री झाली, गावभर बातमी झाली.

गुरुवारी दुपारी सुमित्राबाई आलेखाकडे जरा जास्तच वेळ बघत बसल्या.

"हे चार वाजताचं हाय ना? हा मोठा खड्डा म्हणजे शेजारच्या कौशल्याबाई. हा लहान, मी."

"म्हंजे?"

"आमी कुरोड्या घालतो ना वरते. गहू तीन दिवस भिजवा लागते. मंग पहाटे वरतेच चीक शिजवतो अन् ऊन व्हायच्या आत घालतो. गंजात चीक घेऊन त्या दुर्बिनीपुढूनच जातो-येतो. अन् तुमचं ते फुगनं-आकसनं, ती चिकाची वाफ."

मधुकररावांनी डोक्याला हात लावला. "सरायले आता काय तोंड दाखवू?"

त्यांचा चेहरा बघून सुमित्राबाईंना गलबलून आलं.

"रडता काऊन? पाहुणे येऊन राह्यले म्हणून रविवारी सुट्टी घेनार होती मी. आता आत्ताच गहू भिजवते. कौशल्याबाईले सांगते, बरोबर चार वाजता येजो. तुमच्या ताऱ्याची इज्जत जाऊ देत नाई आमी."

हसावं की रडावं, मधुकररावांना कळेना. बायकोबद्दल मात्र पोटातून माया दाटून आली.

"नाई. सरायले खरं सांगतो, अन् तळलेल्या कुरोड्या खायले या म्हणतो." त्यांनी आलेखातल्या लहान खड्ड्यावर बोट ठेवलं. "पण तू चार वाजता उठते, हे मले कधी दिसलंच नाई."

"तीस वर्षांपासून याच छतावर कुरोड्या घालून राह्यली मी," सुमित्राबाई सुपात गहू घेत म्हणाल्या, "तुमाले दिसाले दुर्बीण लागली."