काकांसाठी एक मत

अध्यक्षसाहेब अकराव्यांदा बिनविरोध निवडून येत होते, एवढ्यात तीन परदेशी पाहुणे सभेत शिरले. गळ्यात ओळखपत्रं, हातात वह्या.

देशाच्या निवडणुकीची सुट्टी. मत देऊन सगळे घरीच, म्हणून बारा घरांच्या सोसायटीनं आपलीही निवडणूक त्याच दिवशी ठेवली होती. फाटकावर साहेबांनीच कागद चिकटवला होता : 'निवडणूक. आत या.' मतदान बघायला आलेल्या या पाहुण्यांसाठी शाळेतलं केंद्र शोधणाऱ्या दूतावासाच्या चालकानं तो वाचला आणि गाडी आत घातली.

साहेबांना मात्र वेगळाच संशय आला. अध्यक्ष म्हणून गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असे, गच्ची कुणी मागितली की ते म्हणत, "लेखी अर्ज द्या." कंटाळून तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर गेल्या सभेत म्हणाले होते, "मी वरपर्यंत जाईन."

"हा माणूस तक्रार घेऊन पार परदेशापर्यंत गेला हो," साहेब चिटणीसबाईंच्या कानाशी पुटपुटले.

किल्ली जाऊन चालणार नव्हतं. घरात सासूबाई होत्या आणि मुलीचं व्हायोलिन होतं. गच्चीवर फक्त पाण्याची टाकी होती.

"आम्ही फक्त बघणार," उंच पाहुण्याबाई म्हणाल्या. "उमेदवार किती?"

"एक."

तिन्ही पेनं एकदम चालू लागली.

साहेबांनी पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांना कोपऱ्यात घेतलं. "काका, तुम्ही उभे राहा."

"मी? अहो, मला पाणी किती वाजता सुटतं तेही माहीत नाही."

"नुसतं उभं राहायचं. पडायचं मी बघतो."

बुटांच्या खोक्याची मतपेटी झाली, झाडूच्या खोलीत मतदान ठरलं. झाडूमागे कुणी लपलेलं नाही याची एका पाहुण्यानं खात्री केली. तेवढ्यात साहेबांना शंका आली. त्यांनी चिटणीसबाईंना गाठलं. "बाई, काकांना शून्य मतं पडली तर पाहुण्यांना वाटेल इथं दडपशाही आहे. तुमचं एक त्यांना टाका."

बाईंनी मान डोलावली. तरी बाईंचा काय भरवसा, म्हणून साहेबांनी आपलंही काकांनाच टाकलं.

मोजणी झाली. काका अकरा, साहेब एक.

"मला वाटलं, बिचाऱ्यांना कुणीच देणार नाही," पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

"मलाही तेच वाटलं," डॉक्टर म्हणाले. हळूहळू सगळेच तेच म्हणाले.

"मग मला कुणी दिलं?" साहेबांनी विचारलं.

काकांनी बोट वर केलं. "मी. पडायचं तुम्ही बघणार होतात ना, म्हटलं आपला हातभार."

तेवढ्यात चालक धावत आला. शाळा पलीकडच्या गल्लीत होती.

"म्हणजे तुम्ही तक्रार केली नव्हती?" साहेबांनी डॉक्टरांना विचारलं.

"करणार होतो. कंटाळा आला."

"मग ही निवडणूक धरायची नाही," साहेब म्हणाले. पण काकांनी किल्ली केव्हाच जानव्यासारखी गळ्यात अडकवली होती आणि पाहुण्याबाई वहीतून वाचत होत्या, "मतदान शांततेत. विजेत्याला फारच मतं, निकाल संशयास्पद. पराभूत उमेदवाराला संरक्षण द्यावं."

संध्याकाळी व्हायोलिन सुरू झालं. साहेब जिना चढून गेले. गच्चीच्या दाराला आतून कडी होती.

"काका, मी आहे. अर्धा तास बसू द्या."

"लेखी अर्ज द्या," आतून आवाज आला.

साहेबांनी खिशातल्या पावतीच्या मागं दोन ओळी खरडल्या आणि दाराखालून आत सरकवल्या. थोड्या वेळानं पावती तशीच बाहेर आली.

"असा नाही," काका म्हणाले. "पोस्टानं पाठवा."